ती हाक ऐकते आहे, पण ओ देणार नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मनी ही मांजर तीन वर्षांची, पिल्लू असल्यापासून घरातच वाढलेली. परवा रात्री सामान आत घेताना दार उघडं राहिलं आणि ती निसटली. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन दिवस सगळे हाका मारत फिरले, आसपासचा परिसर पालथा घातला, पण चाहूल नाही. शेजारी म्हणतात, मांजर आहे, भूक लागली की येईल. घरात एक कुत्राही आहे. उद्या तो असाच निसटला तर काय करायचं, ही धास्ती आता वेगळी.

आधी मनीबद्दल बोलू. ती लांब गेलेली नाही, असं मी बऱ्याच खात्रीने म्हणते. सतरा वर्षं हरवलेली जनावरं शोधायला लोकांबरोबर फिरते आहे, आणि घरात वाढलेली मांजर बहुतेक वेळा तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर मिळते. २०१८ साली १,२१० हरवलेल्या मांजरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती, आणि कधीच बाहेर न सोडलेली मांजरं बाहेर हिंडणाऱ्यांपेक्षा कमी लांब गेली होती. तुम्ही ज्या जिन्यावरून दोन दिवसांत वीस वेळा खाली-वर केलंत, त्याच जिन्याखाली ती बसलेली असू शकते. तुमचा आवाज ती ओळखते आहे. तरी ओ देणार नाही.

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही, म्हणून थोडं थांबते. मांजर उंदराची शिकार करते तसंच मोठ्या जनावराचं भक्ष्यही असते. ओळखीच्या वासांचं घर सुटलं की ती एका क्षणात भक्ष्याच्या भूमिकेत जाते. अशा वेळी तिचं शरीर एकच गोष्ट सांगतं: हलू नकोस, आवाज करू नकोस. म्याव केलं तर तुम्हाला कळेल, पण कोपऱ्यावरच्या बोक्यालाही कळेल. त्यामुळे अगदी जीव लावणारी, नाव घेतलं की धावत येणारी मांजरही मालकाचे पाय दोन हातांवर दिसत असताना गप्प राहते. लोकांना हे फार लागतं. ‘तिने मला ओळखलंच नाही’ म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. तिने ओळखलेलं असतं. भीती ओळखीपेक्षा मोठी असते, एवढंच.

म्हणून हाका मारत फिरणं आता बंद करा आणि डोळ्यांनी शोधायला लागा. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाक मारणारा माणूस रस्त्याच्या मधून चालतो, उभा असतो, आणि उत्तराची वाट बघतो. शोधणारा माणूस जमिनीवर पालथा पडतो.

दारापासून सुरुवात करा. ती निसटली त्या रात्री डावीकडे काय होतं, उजवीकडे काय होतं? दिवा कुठल्या बाजूला होता, माणसं कुठून येत होती? घाबरलेली मांजर उजेड आणि आवाज टाळून भिंतीच्या कडेने पळते आणि पहिली मिळेल त्या फटीत शिरते. तिसरा मजला म्हणून ती खालीच गेली असं धरू नका. निम्म्या वेळा शोधणारे सगळे खाली असतात आणि मांजर गच्चीवर, टाकीच्या मागे. जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, लिफ्टच्या यंत्राची खोली, पाइप जातात ते शाफ्ट, छज्जे, रचून ठेवलेल्या खोक्यांच्या मागची पोकळी, उभ्या गाड्यांच्या खाली आणि बॉनेटच्या आत. मांजर मावेल एवढी फट म्हणजे तुमची मूठ जेमतेम जाईल एवढी फट. ‘इथे कशी मावेल’ असं वाटलं की तिथेच वाकून बघा.

टॉर्च हवाच, आणि दिवसाही हवा. मांजराच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो. टॉर्च कमरेजवळ धरली तर तो परतलेला उजेड तुमच्या नजरेत येत नाही. टॉर्च गालाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा, मग काळ्या कोपऱ्यातून दोन हिरवट-सोनेरी ठिपके चमकतील. काळं मांजर काळ्या अंधारात फक्त असंच सापडतं.

वेळ रात्री दोन ते पहाटे चार. तेव्हा वाहनं नसतात, माणसं नसतात, आणि मांजराला हलायचा धीर त्याच वेळी येतो. दोघांनीच जा. एकाने टॉर्च धरायची, दुसऱ्याने थोड्या थोड्या वेळाने बसून नुसतं ऐकायचं. दहा मिनिटं एका जागी न बोलता बसणं फार अवघड असतं, पण दोन तास चालण्यापेक्षा त्याने जास्त मांजरं सापडतात. आवाज काढायचाच असेल तर घरात रोज तिच्याशी ज्या सुरात बोलता त्याच सुरात, हळू बोला. घशात हुंदका घेऊन मारलेली हाक तिच्यासाठी परक्याचा आवाज असते.

आता शेजारी. ‘आमच्याकडे नाही आली’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका. ते खोटं बोलत नसतात, त्यांनी बघितलेलं नसतं. हात जोडून विनंती करा की मला स्वतःला पाच मिनिटं बघू द्या. एका घरी आम्ही तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ‘नाही’. अकराव्या दिवशी त्यांनी काही कारणाने माळ्याची खोली उघडली आणि मांजर जुन्या गाद्यांच्या मागे होती, हाडांचा सापळा झालेली, पण जिवंत. ती निसटली त्या संध्याकाळी ती खोली दहा मिनिटं उघडी होती, हे नंतर आठवलं. तेव्हापासून मी विचारते तो प्रश्न वेगळा असतो: ‘परवा रात्रीपासून तुम्ही कुठलं दार उघडून परत लावलं?’ गावाला गेलेल्या माणसांची बंद घरं, बंद दुकानं, बंद गॅरेज यांची यादी करा आणि किल्ली कुणाकडे आहे ते शोधा. वर सांगितलेल्या अभ्यासातही, घराबाहेरच्या जागांखालोखाल मांजरं सापडण्याची जागा होती दुसऱ्याचं घर.

‘भूक लागली की येईल’ यात थोडं तथ्य आहे, आणि तेच घातक ठरतं. काही मांजरं खरोखर काही दिवसांनी, भूक आणि तहान भीतीच्या वर गेली की, हलतात, ओरडतात, पिंजऱ्यात शिरतात. पण जी अडकली आहे ती हलूच शकत नाही. जखमी असेल तिला तेवढे दिवस नसतात. त्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत जिवंत मिळाली, वर्षभरात ६१ टक्के मिळाली, आणि ९० दिवसांनंतर जिवंत मिळणारी फार थोडी होती. पहिला आठवडा वाट बघण्यात घालवू नका.

दिसली तर झडप घालू नका. हा मोह आवरणं सगळ्यात कठीण आहे. हात चुकला तर ती पुढच्या लपणीत जाईल आणि तुम्हाला आता ठाऊक असलेली जागाही जाईल. खाली बसा, तिरके बसा, नजर भिडवू नका, हळू बोलत राहा, तीव्र वासाचं ओलं खाणं पुढे सरकवा. ती खात असेल, शेपटी सैल असेल, तर एका हाताने मानेमागची सैल कातडी आणि दुसऱ्या हाताने मागचे पाय धरून, जाड टॉवेलात गुंडाळून उचला. कान मागे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग जमिनीला चिकटलेलं असेल तर हात लावूच नका. पिंजरा आणा.

मांजर पकडायचा पिंजरा म्हणजे आत पाय पडला की दार पडतं तो. बरीच प्राणिनिवारागृहं आणि प्राणिमित्र संस्था तो देतात. कुठे ठेवायचा यावर काम होतं की नाही ते ठरतं: मोकळ्यात नाही, ती लपली असेल तिथून भिंतीच्या कडेला, तिच्या पळायच्या वाटेवर. वरून कापड टाका म्हणजे तो पिंजरा न वाटता बोगदा वाटतो. खाणं दाराशी न ठेवता अगदी शेवटच्या टोकाला, पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे. आणि पिंजरा लावून झोपायला जायचं नाही. तासातासाला बघा. ऊन, पाऊस, मुंग्या आणि भटकी कुत्री यांच्यापुढे अडकलेलं जनावर पूर्ण लाचार असतं. दुसरंच मांजर अडकलं तर शांतपणे सोडून द्या आणि परत लावा. मनी सापडली तर पिंजरा बाहेर उघडायचा नाही, कितीही मायेने बघत असली तरी. घरात, एका खोलीत, दारं-खिडक्या लावून उघडायचा. पिंजऱ्यासह घरी आणलेली मांजर दारात परत निसटल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

तिच्या घाणीचा ट्रे बाहेर ठेवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी देत नाही. तो वास तिच्याआधी परिसरातल्या बोक्यांना पोचतो, आणि ते तिथे येऊन बसले तर ती आणखी आत सरकते. त्यापेक्षा तुम्ही घातलेला, न धुतलेला कपडा आणि तिची रोजची चादर दाराशी ठेवा, आणि रात्री शक्य असेल तर तुमचं दार किलकिलं ठेवून जवळ बसा. जुना मोबाइल किंवा हालचाल टिपणारा छोटा कॅमेरा खाण्याच्या वाटीकडे तोंड करून लावला तर खाणं कोण संपवतं ते तरी कळतं. तीन रात्री वाटी रिकामी होत असेल आणि संपवणारा दुसराच कुणी असेल, तर ती माहितीही जागा बदलायला उपयोगी पडते.

मोकळी हिंडणारी मांजर हरवते तेव्हा हिशेब उलटा असतो. तिला तो परिसर पाठ असतो, त्यामुळे ती ‘वाट चुकली’ असं सहसा होत नाही. तिच्या रोजच्या चक्राला कशाने तरी खीळ बसलेली असते. कुठेतरी कोंडली, गाडीत बसून लांब गेली, नव्या बोक्याने हुसकली, जखमी झाली, किंवा कुणीतरी भटकी समजून घरात घेतली. तिथे ‘ती कुठे लपली’ यापेक्षा ‘त्या दिवशी परिसरात वेगळं काय घडलं’ हे विचारा: बांधकाम, घर बदलणारं कुटुंब, सामानाचा ट्रक.

आता तुमच्या कुत्र्याची धास्ती. कुत्र्याच्या बाबतीत आकडे धीर देणारे आहेत. अमेरिकेत १,०१५ घरांच्या एका पाहणीत, जी २०१२ साली प्रसिद्ध झाली, हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाले होते, मांजरांपैकी ७५ टक्के. कुत्रे मिळाले ते मुख्यतः मालकांनी आजूबाजूला शोधल्यामुळे, आणि १५ टक्के केवळ गळ्यातल्या पट्ट्यावर ओळख किंवा कातडीखाली मायक्रोचिप होती म्हणून. निवारागृहात सापडलेले फक्त ६ टक्के होते. कुणीतरी पकडून निवारागृहात नेईल आणि तिथून फोन येईल, या भरवशावर घरी बसू नये, याला यापेक्षा चांगलं कारण मी देऊ शकत नाही.

कुत्रा निसटला की पहिला प्रश्न असा: तो कशाच्या तरी मागे गेला, की कशापासून तरी पळाला? वासामागे गेलेला, माणसात रमणारा कुत्रा बहुधा तासा-दोन तासांत कुणाच्या तरी जवळ जातो. तिथे वेग कामाला येतो. लगेच माणसं चारी दिशांना पाठवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना फोटो दाखवा. रोज त्याच रस्त्यावरून फिरणारे लोक, म्हणजे पेपर टाकणारे, कचरा गोळा करणारे, वस्तू पोचवणारे, राखणदार, यांच्याइतकी नजर कुणाकडे नसते. एक माणूस घरीच, उघड्या फाटकाशी बसवा, कारण बरेच कुत्रे स्वतःच्या वासामागे परत येतात.

फटाक्याला, अपघाताला किंवा मारहाणीला घाबरून पळालेला कुत्रा ही वेगळीच गोष्ट आहे. तो थांबत नाही, कधीकधी कित्येक किलोमीटर जातो, आणि एक-दोन दिवसांत असा होतो की मालक समोर आला तरी पळतो. इथे सगळ्यांत मोठा घात मदत करणारे करतात. एकदा एक कुत्री चार दिवसांनी एका मोकळ्या मैदानाच्या कडेला दिसली. बातमी पसरली आणि पंधरा-वीस माणसं धावत आली, नाव घेऊन ओरडत, हात पसरून. ती वळली आणि थेट वाहत्या रस्त्यावर गेली. ती वाचली, पण तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो. प्रत्येक माणूस तिचं भलं करायला आला होता.

म्हणून नियम असा करा: दिसला तर कुणीही मागे जायचं नाही, हाक मारायची नाही, शिट्टी वाजवायची नाही. जागा, वेळ आणि तो कुठल्या दिशेने गेला एवढं कळवायचं. शक्य असेल तर लांबून फोटो काढायचा. मालकाने एकट्याने जायचं. जाऊन त्याच्याकडे पाठ किंवा कड करून खाली बसायचं, किंवा आडवंच व्हायचं. काहीतरी खात असल्यासारखा पिशवीचा आवाज करायचा, तुकडे बाजूला टाकत राहायचे, त्याच्याकडे बघायचं नाही. घरात दुसरा शांत, ओळखीचा कुत्रा असेल तर त्याला लांब दोरीवर बरोबर घ्या. भेदरलेला कुत्रा पुष्कळदा आपल्या सोबत्याला आधी ओळखतो आणि माणसाला नंतर. तो जवळ आला, हुंगला, तरी हात डोक्यावरून नेऊ नका. खालून, छातीपाशी खाजवत पट्ट्यापर्यंत जा. यात तास-दीड तास जाऊ शकतो. जाऊ द्या.

दिसल्याच्या सगळ्या बातम्या नकाशावर वेळेसह मांडा. तीन-चार ठिपके पडले की त्याची वाट दिसायला लागते: पाणी, आडोसा, कचऱ्याची जागा, आणि या तिन्हींना जोडणारी शांत पट्टी. त्या पट्टीवर एकाच जागी, रोज एकाच वेळी खाणं आणि तुमचा कपडा ठेवा आणि बाकी सगळ्यांना तिथून लांब राहायला सांगा. तो तिथे यायला लागला की कुत्र्याच्या मापाचा पिंजरा लावता येतो. हुंगून माग काढणारे प्रशिक्षित कुत्रे काही ठिकाणी मिळतात. त्यांची गरज पडेल म्हणून तुमच्या जनावराचं अंथरूण किंवा ब्रश आजच, दुसऱ्या कुणाचा हात न लावता, स्वच्छ पिशवीत बंद करून ठेवा. पुसत-झाडत बसलात तर तो वास जातो.

पोस्टरवर थोडं जास्त बोलायचं आहे, कारण दहातली नऊ पोस्टरं मी वाचूच शकत नाही. चालत्या गाडीतल्या माणसाकडे चार-पाच सेकंद असतात. त्याला तुमच्या मांजराचा स्वभाव, तिची आवड, मुलं किती रडतात हे वाचता येत नाही. भडक रंगाचा मोठा कागद, वर ‘मांजर हरवली आहे’, मध्ये एक मोठा फोटो ज्यात अख्खं अंग दिसतं, त्याखाली ‘राखाडी, पांढरे पंजे’, आणि फोन नंबर एवढ्या मोठ्या आकड्यात की रस्त्याच्या पलीकडून दिसावा. कुत्रा असेल तर आणखी एक ओळ: ‘पाठलाग करू नका, फोन करा.’ जात लिहू नका, रंग आणि आकार लिहा. लोकांना जाती ओळखता येत नाहीत, आणि जातीचं नाव वाचून चोरणाऱ्याला किंमत मात्र कळते. पोस्टर लावण्याची जागा म्हणजे जिथे गाड्या हळू होतात ती: वळणं, सिग्नल, थांबे. आधी परवानगी घ्या, आणि जनावर सापडलं की सगळी काढा. मांजरासाठी मात्र दूरच्या चौकात पोस्टर लावण्याआधी तुमच्या भोवतीच्या प्रत्येक दारात एक चिठ्ठी पोचली पाहिजे.

बक्षिसाचा आकडा लिहू नका. आकडा वाचून पोरं कुत्र्याच्या मागे धावतात, आणि फसवणाऱ्यांनाही तोच आकडा दिसतो. फोन येतील हे गृहीत धरा: ‘तुमची मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’, ‘दवाखान्यात नेली आहे, बिल भरा’, ‘खात्री करायला तुम्हाला एक कोड येईल तो सांगा’. कोड सांगायचा नाही, पैसे आधी पाठवायचे नाहीत. तिच्या अंगावरची एक खूण, म्हणजे शेपटीखालचा डाग किंवा एका पंजाची वेगळी गादी, कुठेही जाहीर करू नका. फोन करणाऱ्याला ती विचारा, किंवा त्याच क्षणी व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. खरा माणूस या अटीने चिडत नाही. आणि जनावर घ्यायला एकटं, आडबाजूला जाऊ नका.

निवारागृहं, जनावरांचे दवाखाने आणि स्थानिक प्रशासनाचा भटक्या जनावरांचा विभाग, या तिन्ही ठिकाणी फोटो घेऊन स्वतः जा आणि दर दोन दिवसांनी परत जा. फोनवरचं वर्णन फसतं. तुमची ‘राखाडी’ त्यांच्या वहीत ‘पट्टेदार’ म्हणून लिहिलेली असते. रात्रपाळीच्या माणसाला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. रस्ते झाडणाऱ्यांना विचारणं जिवावर येतं, पण तेही करा. मेलेलं जनावर तेच उचलतात, आणि खरं काय ते कळलं तर निदान माणूस रात्र-रात्र फिरायचा थांबतो.

मायक्रोचिप असेल तर आजच तिच्या नोंदणीकडे कळवा की जनावर हरवलं आहे, आणि तिथला फोन नंबर चालू आहे का ते बघा. चिपबद्दल फार गैरसमज आहे. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते, ती कुठे आहे ते सांगत नाही. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आणला की तेवढ्यापुरती जागी होऊन एक क्रमांक देते, आंतरराष्ट्रीय मानकानुसार १५ अंकी. तो क्रमांक नोंदणीत तुमच्या चालू नंबराला जोडलेला नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. अमेरिकेतल्या ५३ निवारागृहांच्या २००९ सालच्या अभ्यासात चिप असलेल्या मांजरांपैकी ३८.५ टक्के घरी परतली होती, तर आलेल्या सगळ्या बेवारस मांजरांपैकी फक्त १.८ टक्के. आणि चिप असूनही मालक मिळाला नाही तिथे सगळ्यांत मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. निवारागृहात गेलात तर फक्त खांद्यांच्या मध्ये नव्हे, तर खांद्यावरून खाली पायापर्यंत स्कॅनर फिरवायला सांगा. चिप कातडीखाली सरकते.

पक्षी पाळणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी, कारण तिथे वेळ फारच कमी असतो. घरातला पोपट उडाला की उंच झाडावर जाऊन बसतो आणि त्याला खाली यायचं कसं ते कळत नाही, कारण तीव्र उतारावर उडायची त्याला सवय नसते. झाडावर चढू नका, फांद्या हलवू नका. त्याचा पिंजरा आणि सोबती असेल तर तोही, त्याला दिसेल अशा उंचीवर ठेवा, त्याच्या रोजच्या शिट्ट्या वाजवा, आणि अंधार पडताना तो कुठे बसला ते नीट बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिथे हजर राहा. सकाळी भुकेने तो खाली यायची शक्यता सर्वात जास्त असते. जमिनीवरचं कासव मात्र भिंतीच्या कडेने चालतं आणि पाल्यात, मातीत शिरून बसतं. ऊन चढायला लागतं तेव्हा भिंतीच्या तळाशी हाताने चाचपत जा.

मनी सापडली की लगेच जवळ घ्यावंसं वाटेल. आधी तिला एका छोट्या, अंधाऱ्या खोलीत पाणी, खाणं आणि ट्रे देऊन एकटं सोडा. कुत्र्याला दोन-तीन दिवस तिच्यापासून लांब ठेवा. तिच्या अंगाला बाहेरचा वास असतो आणि तिची भीती अजून उतरलेली नसते. एरवी गुण्यागोविंदाने राहणारी जनावरंही अशा वेळी एकमेकांवर धावून जातात. आणि दिसायला धडधाकट असली तरी डॉक्टरांकडे न्याच. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, विशेषतः ती आधी गुबगुबीत असेल तर. ती घरी येऊनही खात नसेल तर उद्यापर्यंत थांबू नका. खात असेल तरी एकदम पोटभर देऊ नका, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्या.

कुत्र्यासाठी आजच करता येण्यासारखं आहे ते असं: पट्ट्यावर नावापेक्षा फोन नंबर ठळक, अख्ख्या अंगाचे दोन्ही बाजूंचे फोटो, चिपचा क्रमांक मोबाइलमध्ये, आणि एक ठरलेला आवाज, डब्याचा किंवा घंटीचा, ज्यानंतर त्याला नेहमी काहीतरी छान मिळतं. घराच्या दारातून बाहेर पडण्याआधी त्याला बसायला शिकवलंत तर तेही.

पण हे उद्या करा. आज रात्रीसाठी टॉर्च आत्ताच चार्जिंगला लावा, गच्चीची आणि मीटरच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून संध्याकाळीच मागून घ्या, आणि दोन वाजता तुमच्याच दारातून सुरू करा. पहिल्यांदा वर जा.